नऊ ततामींची बैठक

माणूस किती मोठा हे त्याच्या बुडाखाली किती ततामी आहेत त्यावरून ठरतं, असं आमच्याकडे मानतात. मानतात म्हणून बरं, नाहीतर आमच्या घरची चूल कशी पेटली असती? आमचे हे, याहाची, कुसानामी बंदराचे ततामीवाले. भाताचा पेंढा थरावर थर दाबून त्याची तीन बोटं जाड गादी हे शिवायचे, वर गवताची चटई ताणायचे, आणि कडेला कापडी काठ लावायचं काम माझं. मी ओरिकू. माझा काठ सरळ येतो आणि बोलणं वाकडं, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यातलं पहिलं खरं होतं.

दुकान यांच्या आजोबांपासूनचं. दारावर पाटी होती, आणि ती पाटी आहे तोवर गावात दुसऱ्या कुणी ततामीला सुई लावायची नाही असा नियम होता. पाटी उतरली की माणूस संपला. मग त्याने हमाली करावी नाहीतर गाव सोडावं.

अमेरिकेचं काळं जहाज धूर ओकत आमच्या खाडीत शिरलं त्या वर्षी यांनी नुकतीच पंचेचाळिशी गाठली होती. जहाजावर त्यांच्या राज्यातर्फे बोलणी करायला आलेला एक वकील होता. त्याला पाणी हवं होतं, कोळसा हवा होता, आणि बंदरात एक बाजार हवा होता, जिथे त्याचे लोक आमची लाखेची भांडी आणि रेशीम विकत घेतील. हे सगळं द्यायचं आधीच ठरलं होतं. एदोच्या सरकारकडून तसा हुकूमही आला होता. लाखवाले तर वखारी भरून तयार बसले होते. अडलं होतं ते एवढ्यावरच, की हे सगळं द्यायचं ते किती उंचावर बसून.

कारण वकिलाने निरोप पाठवला होता की माझे गुडघे दुखतात, मी जमिनीवर बसणार नाही, माझी खुर्ची आणीन.

आता वकील खुर्चीवर आणि आमचे सुभेदार जमिनीवर बसले, तर सुभेदारांनी मान वर करून बोलायचं? आधीच आमचे सुभेदार म्हणजे मूर्ती लहान, आणि कीर्तीचं अजून काही नक्की नव्हतं. बरं, त्यांनाही खुर्ची द्यावी, तर एवढ्या मोठ्या माणसाने लाकडाच्या चौकटीत चढून बसायचं हे कुणाच्या गळी उतरेना. शेवटी मिझोगुची साहेबांनी तोड काढली. हे मिझोगुची सुभेदारांचे मानपानाचे कारभारी. कुणी कुणापुढे किती वाकायचं, कुणापुढे चहा आधी ठेवायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दुसरं काही डोक्यात नव्हतं, पण तेवढं मात्र पक्कं होतं.

ते आमच्या दुकानात आले, तलवार सावरत उंबऱ्यावर टेकले आणि म्हणाले, "याहाची, सुभेदारसाहेबांसाठी एकावर एक अर्ध्या मापाच्या ततामी रचायच्या. किती, ते तू ठरव. वकील खुर्चीवर बसला की त्याचे डोळे आणि साहेबांचे डोळे एका रेषेत आले पाहिजेत. साहेब खाली दिसले तर आपली अब्रू गेली. वर दिसले तर वकील रुसून जाईल, एदोहून मला विचारणा होईल आणि मला पोट फाडून घ्यावं लागेल."

"अरेरे," हे म्हणाले.

"अरेरे काय? त्याआधी मी तुझी पाटी उतरवीन. एका बोटाचा फरक पडला तरी सूर्य मावळायच्या आत तू आणि तुझी बायको हद्दीबाहेर. समजलं?"

"समजलं साहेब. पण एका बोटाचा म्हणजे कुणाच्या बोटाचा? माझं बोट जाड आहे."

मी मागून यांच्या पाठीत सुईचं टोक टेकवलं. हे असे. जीव गळ्याशी आला की यांना विनोद सुचायचा.

साहेब गेल्यावर मात्र हे पेंढ्याच्या ढिगाजवळ बसून राहिले. "ओरिकू," म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही गं."

"माहीत आहे की. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मला कळणार नाही होय?" मी म्हटलं. आम्हाला मूलबाळ नाही. पाटी हेच आमचं घराणं होतं.

बैठकीच्या दोन दिवस आधी वकिलाची खुर्ची होडीतून आली आणि दाइशोजी देवळाच्या मोठ्या दालनात ठेवली गेली. लाल मखमलीची, खाली स्प्रिंगा असलेली. बोटाने दाबली की खाली जायची, सोडली की वर. मिझोगुची साहेबांनी ती बारा वेळा दाबून पाहिली. मग म्हणाले, "नुसत्या खुर्चीचं माप घेऊन चालायचं नाही. वकील बसला की ही दबणार. तेवढ्याच वजनाचा माणूस बसवून पाहिला पाहिजे."

हुशारीच म्हणायची. दुभाषा शिओया नागासाकीहून आला होता, डच बोलणारा. वकिलाला एकदा भेटून आल्यावर, पुन्हा जहाजावर जाण्याआधी, त्याने सांगून ठेवलं होतं की धिप्पाडपणात वकील म्हणजे हुबेहूब आपला सोयाबीन आंबवून मिसो विकणारा कुमेगोरो. झालं, कुमेगोरोला दुकानातून उचलून आणला. तो हात पुसत आला, खुर्ची पाहून दोनदा वाकला आणि म्हणाला, "हिच्यावर चढायचं?"

"चढ," साहेब म्हणाले.

कुमेगोरोने सपाता काढल्या, खुर्चीचे हात धरले, कण्हत कुंथत वर चढला, आणि गुडघे मोडून, टाचांवर बूड टेकून, मांडीवर हात ठेवून देवळात प्रवचनाला बसावं तसा ताठ बसला. खुर्ची कुरकुरली आणि चार बोटं दबली. मिझोगुची साहेबांनी टाळी वाजवली. "पाहिलंस? चार बोटं! हे मोजलं नसतं तर मेलोच होतो."

यांनी जमिनीपासून कुमेगोरोच्या डोळ्यांपर्यंत बांबू धरून खूण केली. मग सुभेदारसाहेबांना बोलावलं. त्यांनी बसून दाखवलं, यांनी त्यांचंही माप घेतलं. सुभेदारांनी जाता जाता विचारलं, "ततामीवाला कोण तू?" हे कपाळ जमिनीला टेकवून म्हणाले, "याहाची." सुभेदार हं म्हणाले आणि गेले. दोन मापांची वजाबाकी करून हिशेब निघाला: नऊ ततामी. त्या दालनात आम्ही दहा-बाराजण होतो. एकाच्याही मनात आलं नाही की माणूस दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बसू शकतो.

माझ्या आलं, पण दुसऱ्या दिवशी. मी काठाचं कापड धुवायला धक्क्यावर गेले होते. जहाजाची होडी पाण्याचे पिंप न्यायला आली होती आणि खलाशी फळीवर बसले होते. पाय खाली सोडून. सगळेच्या सगळे. वाळत घातलेल्या मुळ्यांसारखे पाय लोंबत होते आणि त्याची कुणालाच लाज नव्हती.

मी ओल्या हाताने घरी पळाले. "अहो, ऐकलंत का, ती माणसं पाय सोडून बसतात! टाचांवर नाही! कुमेगोरो अर्धी वीत उंच बसला होता!"

हे नवव्या ततामीला शेवटचा टाका घालत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, ते खलाशी. आपले कोळी नाही का होडीत कसेही बसत? वकील म्हणजे राजाचा माणूस. तो दहा माणसांत पाय लोंबकळत ठेवून बसेल? त्याला आईबापांनी काही शिकवलं नसेल?"

"नसेल शिकवलं तर?"

"तर त्याला वकील कुणी केलं असतं?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. नुसतं यांना दोष देऊन कसं चालेल?

बोलणी व्हायच्या दिवशी नऊ ततामी रचून झाल्या. मागे सुभेदारांच्या चिन्हाचा जांभळा पडदा, आणि पडद्यामागे आम्ही दोघं, ततामी ओढायचे लोखंडी आकडे आणि सुई-दोरा घेऊन. ऐन वेळी काठ उसवला तर हाताशी असावं म्हणून आम्हाला तिथे बसवलं होतं. मिझोगुची साहेबही आमच्याबरोबर, पडद्याच्या फटीला डोळा लावून. सुभेदार शिडीवरून चढून बसले. त्यांची पाठ आमच्यापासून हातभर अंतरावर, त्यामुळे त्यांचा श्वासही आम्हाला ऐकू येत होता.

वकील आला. वाकला. खुर्चीजवळ गेला, वळला, आणि धपकन बसला.

पाय खाली.

मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे पाहत नव्हते. मिझोगुची साहेब टोफूसारखे पांढरे पडले होते. "हा अजून नीट बसला नाही," ते पुटपुटले. "आता बसेल. आता पाय वर घेईल." आम्ही वाट पाहिली. वकिलाने पाय वर घेतले नाहीत, उलट एकावर एक टाकले.

पडद्याच्या फटीतून मलाही दिसत होतं. सुभेदार वरून मूर्तीसारखे समोर पाहत होते आणि वकिलाचे डोळे त्यांच्या हनुवटीच्याही खाली होते. त्याने मान वर केली. मग आणखी वर केली. त्याचा चेहरा लाल व्हायला लागला. तो काही बोलला आणि शिओया चाचरत म्हणाला, "वकीलसाहेब विचारतात, की बोलणी सुभेदारांशी करायची आहेत, की सुभेदारांच्या कमरपट्ट्याशी? कमरपट्ट्याशीच करायची असतील तर ते जहाजावर परत जातील म्हणतात."

पलीकडे लाखवाल्यांचा मुखिया बसला होता, तो बोटांवर वखारी मोजायला लागला.

मिझोगुची साहेबांनी यांची गचांडी धरली. आवाज न करता ओरडायची त्यांची एक पद्धत होती. "बोटाचा म्हणालो होतो मी! ही सहा बोटं आहेत, याहाची, सहा! संपलास तू. आणि मीही."

"साहेब, सुभेदारसाहेबांना उतरवून दोन ततामी काढल्या तर?"

"परक्या माणसासमोर सुभेदार शिडीवरून खाली उतरणार? त्यापेक्षा मी इथेच पोट फाडतो."

यांनी गचांडी सोडवून घेतली. चोवीस वर्षं ज्यांना मी मठ्ठ म्हणत आले, त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हे मला म्हणाले, "ओरिकू, वरच्या ततामीला आकडा लाव आणि घट्ट धरून ठेव. हलू द्यायची नाही. मी खालची ओढतो."

"वेड लागलंय का? वर सुभेदार बसलेत!"

"म्हणूनच घट्ट धर."

मी आकडा लावला. भिंतीला पाय टेकवले. यांनी दुसऱ्या ततामीत दोन आकडे रुतवले, श्वास घेतला आणि पडद्याखालून अशी ओढली की यांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहिल्या. ततामी सरकली, सुटली, आणि सुभेदार भद् करून तीन बोटं खाली आले.

त्यांची टोपी हलली. पण पाठ ताठच होती. बाईमाणसाने म्हणू नये, पण मला हसू आवरेना. दातांखाली ओठ दाबून मी आकडा धरून राहिले.

दुसरी. भद्.

आता दोघांचे डोळे एका रेषेत आले. वकिलाबरोबर जहाजावरून आलेल्या सगळ्या खलाशांनी आ वासला होता. त्यांना पडदा दिसत होता, पडद्यामागचे आम्ही नाही. त्यांच्या दृष्टीने सुभेदार आपले आपण खाली उतरत होते. वकील पुढे झुकला आणि शिओयाने त्याचं म्हणणं सांगितलं: "हे काय झालं, असं विचारतात."

सुभेदार गप्प राहिले.

त्या गप्प राहण्यात आमचं सगळं होतं. ततामीवाल्याची चूक झाली, एवढं ते म्हणाले असते की झालं. खरंच होतं ते, आणि सोपंही होतं. यांच्या हातात ओढलेली ततामी तशीच होती. ती खाली ठेवायचंही यांना भान नव्हतं. मला त्या क्षणी पाटीची नाही, यांची काळजी वाटली. हा माणूस हमाली करून दोन वर्षंसुद्धा जगला नसता.

"त्यांना सांग," सुभेदार म्हणाले, "पाहुण्याची नजर खाली होती, म्हणून यजमान खाली आला."

शिओयाने सांगितलं. वकील उठला, खुर्ची पायाने मागे सारली, आणि हळूहळू, एक हात जमिनीला टेकवत, चक्क गुडघे मोडून खाली बसला. त्याचे गुडघे कडकड वाजले ते पडद्यामागे ऐकू आले. दुखत असणार फार, डोळ्यांत पाणी आलं होतं बिचाऱ्याच्या. पण टाचांवर बसला. हुबेहूब कुमेगोरोसारखा.

"आता काय करतोय हा मेला!" मिझोगुची साहेबांनी कपाळावर हात मारला. कारण आता वकील जमिनीवर आणि सुभेदार सात ततामींवर. माप पुन्हा चुकलं, आणि या खेपेला बोटांनी नाही, हाताने.

तेवढ्यात सुभेदारांचा आवाज आला, चांगला मोठा, भर सभेत.

"याहाची."

हे दचकले. सुभेदाराने कारागिराला चारचौघांत नावाने हाक मारल्याचं आमच्या बंदरात कुणी ऐकलं नव्हतं. हे पडद्यामागे जमिनीवर आडवे झाले. "जी, सरकार?"

"बाकीच्याही काढ."

मग आम्ही काढल्या. मी धरायची, हे ओढायचे. भद्. भद्. तिसऱ्याला खलाशी हसायला लागले, चौथ्याला आमचे कारकून. पाचव्याला सुभेदारांची टोपी डोळ्यांवर आली आणि मला पाठीमागूनही कळलं की तेही हसताहेत, कारण खांदे गदगदत होते. सहावी निघाली तेव्हा यांच्या हातातलं त्राण संपलं होतं आणि माझे तळहात सोलवटले होते.

राहिली एक. ती आम्हाला ओढता येण्यासारखी नव्हती, सुभेदार तिच्यावरच बसले होते. हे माझ्याकडे पाहायला लागले, मी यांच्याकडे. तोवर सुभेदारांनी स्वतःच दोन्ही हात टेकवले, टोपी सारखी केली आणि ततामीवरून घसरून वकिलासमोर जमिनीवर बसले. वकील मुळातच उंच, त्यामुळे आमचे साहेब त्याच्यापेक्षा चांगले चार बोटं खाली दिसत होते. मी मिझोगुची साहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दुपारी चहाच्या आत पाणी, कोळसा आणि बाजार, तिन्ही ठरलं. वकिलाला उठवायला चार माणसं लागली.

सगळे गेल्यावर मिझोगुची साहेब आमच्याकडे आले. हे भिंतीला टेकून बसले होते, उठायला गेले तर उठवेना. साहेबांनी बाहीतून घडी केलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "हा सकाळीच तयार ठेवला होता. मागाहून धावपळ नको म्हणून. आता चुलीत घाल," एवढं बोलून गेले.

मला देवळाच्या शाळेत अक्षरओळख झाली होती, यांना नव्हती. मी घडी उघडली. ततामीवाला याहाची याची पाटी उतरवण्यात यावी, त्याने बायकोसह सूर्यास्तापूर्वी हद्द सोडावी, त्याच्या हातून पुन्हा ततामीला सुई लागू नये. खाली लाल शिक्का, आणि तारीख त्याच दिवसाची.

"काय आहे गं?" हे म्हणाले. "शिक्का आहे म्हणजे मोठं काहीतरी असणार. वाच की."

मी यांच्याकडे पाहिलं. केसांत पेंढा, बोटांतून रक्त, आणि चेहरा असा की जत्रेत बक्षीस मिळालेलं पोर. आयुष्यभर मी या माणसाला एकदाही तोंडावर चांगलं म्हटलं नव्हतं.

"याहाचीसारखा ततामीवाला साऱ्या किनाऱ्यावर नाही, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"खरंच?"

"शिक्का दिसतोय ना?"

कागद चुलीत घालू देणं यांनी साफ नाकारलं. घरच्या देवघरात पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांमागे ठेवला. पुढे दर नवीन वर्षाला, भाताच्या लाडूंचा रस्सा खाऊन झाला की कागद बाहेर यायचा आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. तेच तेच वाचलं तर म्हणायचे, मागच्या वर्षी जास्त होतं, तू गाळतेस. मग मला दरवर्षी थोडं वाढवून वाचावं लागायचं. एकवीस वर्षांत ती शाबासकी इतकी लांबली की पाठ करता करता माझ्या नाकीनऊ आले. आणि त्यातलं एकही वाक्य खोटं वाचलं असं मला आज वाटत नाही.

गेल्या थंडीत हे गेले. कागद मी यांच्या छातीवर ठेवून पेटी बंद करायला सांगितली. आता वरती यांना वाचता येणारा कुणी भेटला नाही, म्हणजे मिळवली.